झेंड्याच्या पेटीतला बॅकअप

दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत मी रोज एका रजिस्टरात खोटी सही करत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ‘बॅकअप झाला’ या रकान्यात बरोबरची खूण, पुढे तारीख, पुढे सही. अक्षर माझं चांगलं आहे. ते पान आज कोणी उघडलं तर बघत राहावं इतकं सुबक दिसतं.

मी एका साखर कारखान्याच्या शेतकी विभागात कॉम्प्युटर बघते. कोल्हारहून सकाळची एसटी धरते. गाडीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतो. आमच्या विभागाचा सगळा कारभार ऊस नोंदीवर चालतो. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटायचा, इतका साधा नियम. लागणीच्या तारखांवरून तोडणीची यादी निघते आणि ती यादी घेऊन ऊसतोड मजुरांच्या टोळ्या रानात उतरतात. नोंदीत तारीख महिनाभर पुढे गेली तर तो ऊस मागे पडतो, त्याला तुरे येतात, आणि विहिरीनं दगा दिला तर उभ्या उभ्या वाळतो. म्हणून आमच्याकडची माणसं पोरांच्या जन्मतारखा विसरतील, पण लागणीची तारीख विसरत नाहीत.

ही सगळी नोंद एका सर्व्हरमध्ये असते. त्याची खोली म्हणजे जिन्याखाली प्लायवूड ठोकून केलेला कप्पा, आत एक कुरकुरणारा एसी. गेल्या उन्हाळ्यात मी हट्ट धरून तिथे बॅकअपचा प्रोग्राम बसवला. त्याआधी आठवड्यातून एकदा, आठवण झाली तर, पेनड्राईव्हवर नक्कल घेतली जायची. आमचे शेतकी अधिकारी, म्हणजे साहेब, म्हणाले, “चाललंय ना मॅडम? मग कशाला हात लावता?” मी लावला. वहीएवढा काळा बॉक्स आणला, त्यात डिस्क, तो सर्व्हरला जोडला. रोज दुपारी दीडला नोंदीची नक्कल बॉक्समध्ये जाईल असं लावून दिलं, कारण रात्रीच्या लाईटचा आमच्याकडे काही भरवसा नाही. नक्कल झाली की ऑफिसच्या मेलवर हिरवी खूण यायची.

बसवताना त्या प्रोग्रामनं मला एक प्रश्न विचारला होता. बॉक्स सापडला नाही तर थांबायचं, की त्याच नावाचं फोल्डर सर्व्हरमध्येच उघडून काम पुढे न्यायचं? मी आधी ‘थांबा’ निवडलं. पहिल्याच आठवड्यात वायर सैल निघाली, तो तीनदा थांबला, तीनदा लाल मेल आला, आणि तिन्ही वेळा साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “काय मॅडम, तुमचं नवीन यंत्र रुसलं का?” माझं डोकं फिरलं. मी ‘पुढे जा’ निवडून टाकलं. नंतर वायर बदलली, पण ते उत्तर परत बदलायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी आत्ता म्हणते. खरं सांगायचं तर रोज हिरवी खूण बघायला बरं वाटत होतं.

आमच्या शिपायांना सगळे मामा म्हणतात. या दिवाळीत निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. बॉक्स आणला त्या दिवशी मी त्यांना बजावलं होतं, “मामा, या डब्यात सगळ्या सभासदांचा जीव आहे. यावर धूळ बसता कामा नये.” त्यांनी मान डोलावली. आणि पुढच्याच गुरुवारी ते सर्व्हरच्या कप्प्यात उदबत्ती घेऊन शिरले. राख पंख्याच्या जाळीवर पडली. मी जी काही ओरडले, की गेटवरचा वॉचमन काय झालं ते बघायला आत आला. माझा आवाज मुळातच मोठा आणि राग त्याच्याही पुढे. मामा माझ्या वडिलांच्या वयाचे. तेव्हापासून ते त्या कप्प्यात जाताना चपला बाहेर काढायला लागले, आणि मला वाटलं, बरी शिस्त लागली.

खंडेनवमीला मी रजेवर होते. त्या दिवशी कारखान्यात पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते. यंत्र बंद करायचं, पुसायचं, हळद-कुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दसरा होईपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. दसऱ्यानंतर मी कामावर आले तेव्हा सर्व्हरच्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं होती आणि शेजारी बॉक्सचा निळा दिवा लागलेला होता. “पूजा झकास केलीत मामा,” मी म्हणाले. मामा झेंडूची माळ सारखी करायला लागले. दुपारी दीडला मेल आला. हिरवी खूण. मी सही केली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बेलापूरकडचे एक बाबा आले. सत्तरीचे असतील. टोपी हातात घेऊन टेबलासमोर उभे राहिले.

“बाई, माजी लागन गेल्या सालच्या श्रावनातली हाय. तुमच्या यादीत भादवा लागलाय. हिरीला पानी सक्रांतीपोतर. त्याच्या आत तुटला तर तुटला, न्हाईतर मंग सरपन.”

अर्जावर त्यांच्या गटाच्या शेतकी मदतनीसाची सही होती. चूक आमचीच होती. मी तारीख दुरुस्त केली, स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली. त्यांनी लांबूनच मान हलवली. मग टेबलावरच्या अर्जाकडे बोट दाखवून विचारलं, “ह्यो कागद म्या ठिवू का माज्यापाशी?”

“कशाला बाबा? आता कॉम्प्युटरात आलंय. काळजी करू नका.” आणि एवढ्यावर न थांबता मी तो अर्ज त्यांच्यादेखत फाडून टोपलीत टाकला. दुरुस्तीचे अर्ज फाईलला लावायची जुनी पद्धत मीच बंद करत आणली होती. माझ्या टेबलावरून कागदाचं राज्य संपलं, हे दाखवायची मला फार हौस होती. बाबांनी टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि गेले.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी सकाळी सर्व्हर सुरूच झाला नाही. आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत राहिला. तो आवाज एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही. आतली डिस्क गेली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी तोडणीची यादी निघायची होती. पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या आदल्या दिवसापासून उतरायला लागल्या होत्या, आवारात त्यांच्या राहुट्या पडत होत्या, दुसऱ्या दिवशी पहाटे कोयते चालू व्हायचे होते. साहेब धावत आले. मी मात्र शांत होते. इतकी शांत, की आठवून आज लाज वाटते. “बॅकअप आहे साहेब. दुपारपर्यंत सगळं जागेवर,” मी म्हणाले, बॉक्स काढला आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडला.

आत दोन वर्षांपूर्वीचे मिटिंगचे फोटो होते. दुसरं काही नाही. बॉक्स उलटा केला, मागचं लेबल पाहिलं. हा तो बॉक्सच नव्हता. दिसायला जुळा, पण हा जुना, कमी जागेचा, मीच बाद करून कपाटात टाकलेला.

दसऱ्यापासूनचे मेल उघडले. हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरात बराच मजकूर असायचा, तो मी एकदाही वाचला नव्हता. आता वाचला. ‘ठरलेली डिस्क सापडली नाही. सर्व्हरवर त्याच नावाचं फोल्डर तयार करून काम पूर्ण केलं.’ दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. प्रोग्राम मला रोज खरं सांगत होता. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावावं, तसं मी तीन आठवडे केलं होतं, आणि आता घरच जळालं होतं.

साहेबांचा फोन वाजायला लागला होता. नोंद गेली ही बातमी बाहेर कशी जाते ते देव जाणे, पण अर्ध्या तासात गेली. प्रत्येक फोनवर साहेब फक्त “बघतो, बघतो” म्हणत होते. मग फोन टेबलावर उपडा ठेवून त्यांनी मला सांगितलं, “संध्याकाळी पाचपर्यंत थांबतो मॅडम. नाहीतर गटवार माणसं बोलावून हातानं यादी करायला घेतो.”

हातानं यादी म्हणजे काय, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्याचा आवाज मोठा त्याची तारीख आधी. बाकीच्यांचे ऊस आपापल्या नशिबावर उभे. मला एकदम हातात टोपी घेतलेले ते बाबा दिसले.

मी कॉरिडॉरमध्ये येऊन ओरडले, “मामा! बॉक्सला हात कोणी लावला?”

“म्या न्हाई, ताई.” मामा खाली बघत होते.

“मग काय पाय फुटले त्याला?”

साहेब दारात आले. “पूजा यांनीच केली होती ना? मेमोच काढतो मामांना,” म्हणाले आणि आत जाऊन खरंच लिहायला बसले. मी तरातरा कपाटं उघडत सुटले. स्टेशनरीचं, जुन्या नकाशांचं, रेनकोटांचं. कुठेच नाही. साडेअकरा वाजले होते.

शेवटी दमून मी सर्व्हरच्या कप्प्यापाशी आले. दाराबाहेर मामांच्या चपला होत्या. आत मामा हात जोडून बंद सर्व्हरपुढे उभे होते. त्या चपला पाहून मी पहिल्यांदा थांबले. आवाज खाली आणला; तो खाली आणणं मला किती जड जातं ते त्याच दिवशी कळलं.

“मामा, मी काही बोलणार नाही. बॉक्स कुठे आहे तेवढं सांगा.”

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. मग ते म्हणाले, “झेंड्याच्या पेटीत.”

झेंड्याची पेटी म्हणजे मिटिंग हॉलमधली पत्र्याची पेटी. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडून ती उघडत नाही, किल्ली मामांच्या करदोट्याला असते. पेटीत घडी घातलेला झेंडा, आणि त्याच्याखाली धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला माझा बॉक्स होता. एका बाजूच्या भोकांत कुंकू साचलेलं.

“पूजा करताना कुकू सांडलं, ते आत ग्येलं,” मामा सांगत होते. “म्या घाबारलो. म्हनलं आता ह्यो जळतू का काय. कपाटातला दुसरा जोडला, त्याचाबी दिवा लागला, मंग वाटलं चाललं. ह्यो टाकावा कसा? तुमीच म्हनला हुता, सगळ्या सभासदांचा जीव हाय यात. हापिसात हिच्याइतकी सोवळी जागा दुसरी न्हाई. म्हनून हितं ठिवला.”

“मला सांगायचं होतं ना मामा.”

“तुमी वरडला असता.”

मी खरंच ओरडले असते.

पुढचे चार तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. रंगाच्या ब्रशनं कुंकू झाडलं. बॉक्स जोडताना डोळे मिटले. दिवा लागला. मग कळलं, की नक्कल घ्यायची मी शिकले होते, ती परत कशी चढवायची हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्राम पहिल्यापासून बसवावा लागला. पहिल्यांदा तो अर्ध्यावर अडकला. दुसऱ्यांदा जागा पुरत नाही म्हणाला. मी मिटिंगचे, सत्काराचे सगळे फोटो पुसून टाकले. तिसऱ्यांदा हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. जेवायच्या सुट्टीत कोणी चुकून बटण बंद करू नये म्हणून मामा बोर्डासमोर स्टूल टाकून बसले. दर दहा मिनिटांनी साहेब दारात येत, पट्टी बघत आणि परत जात.

पावणेचारला पट्टी पूर्ण झाली. नोंद उघडली. गावं, गट, तारखा, सगळं होतं, खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंतचं. मी टेबलावर डोकं टेकलं. मामा “झालं का, ताई?” असं तीनदा विचारत होते.

पुढच्या तीन आठवड्यांतल्या दुरुस्त्यांचे बहुतेक कागद सुदैवानं गट ऑफिसात होते. फोन केले, फोटो मागवले, एकेक परत भरलं. पाच वाजता साहेबांनी यादीवर हात फिरवला आणि दिवसभरात पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. “सुटलो,” म्हणाले.

मी बेलापूरकडचं पान काढलं. बाबांच्या नावापुढे भाद्रपदातली तारीख होती. मी केलेली दुरुस्ती सर्व्हरबरोबर गेली होती आणि कागद मी स्वतः फाडला होता. त्यांच्या मदतनीसाला फोन लावला. तो म्हणाला, “सही केल्याचं आठवतंय मॅडम, श्रावणातली होती, पण तारीख कोण ध्यानात ठेवतं? दिवसाला पंचवीस सह्या करतो.”

गप्प बसता आलं असतं, हे कबूल करते. कोणालाच कळलं नसतं. बाबांना कळलं असतं ते थेट संक्रांतीनंतर. तेवढा एक क्षण मी गप्प बसूनही पाहिलं, आणि मग साहेबांच्या टेबलाशी गेले.

“साहेब, एक तारीख चुकीची आहे. कागद नाही. मीच फाडला.”

“मॅडम, कागदाशिवाय एक तारीख हलवली की उद्या दारात रांग लागेल.”

“मी लेखी देते. आणि तो मेमो मामांच्या नावानं नको, माझ्या नावानं काढा. बॉक्स नसला तरी पुढे जा, असं प्रोग्रामला मीच सांगून ठेवलं होतं. मेल न वाचता सह्याही मीच केल्या.” साहेबांनी अर्धा लिहिलेला मेमो उलटा ठेवला, कोरा कागद पुढे सरकवला. मी सगळं लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“तारीख तरी आठवते का?”

“नाही.”

“यादी साडेसहाला छपाईला जाते. मी थांबवणार नाही.”

नोंदीत बाबांचा फोन नंबर नव्हता, म्हणून बेलापूरकडे जायला मामांनी मोटारसायकल काढली. ऊस भरायच्या रिकाम्या गाड्या समोरून येत होत्या, रस्ता खडीचा, आणि मामा आयुष्यात पहिल्यांदा जोरात चालवत होते. मागे बसून मी एकच विचार करत होते. आता बाबा जी सांगतील ती तारीख. पंधरा दिवस आधीची सांगितली तरी मला ती लिहावी लागणार होती, कारण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

बाबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. मला बघून गडबडीनं उठले, आत पाण्याला आवाज दिला. मी उभ्या उभ्याच विचारलं, “बाबा, लागण नक्की कधीची?”

“नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी,” त्यांनी लगेच सांगितलं. “बेनं आदल्या दिशीच येऊन पडलं हुतं. पर पंचमीला रानाला कुदळ लावीत न्हाईत. म्हनून येक दिस थांबलो. सुनंनं केलेले पुरनाचे दिंड उरले हुते, त्येच घिऊन रानात गेल्तो.”

मोबाईलवर गेल्या वर्षीची नागपंचमी काढली, पुढचा दिवस धरला, साहेबांना फोन करून तारीख सांगितली. तिकडून कळा दाबल्याचा आवाज आला. “घेतली,” साहेब म्हणाले. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. एक दिवससुद्धा त्या माणसानं पुढे-मागे केला नव्हता.

“काय अडचन हाय का, बाई?”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी सांगितलं, “बाबा, तुमची तारीख आमच्याकडून पुसली गेली होती. आज सकाळपासून आमची धावपळ चाललीय. तुम्ही कुठे फोन नाही केला, विचारायला नाही आलात?”

ते हसले. “कशाला इचारू? तुमीच म्हनल्या हुत्या ना, काळजी करू नका. मंग म्या न्हाई केली.”

मामा दुसरीकडे बघायला लागले. मी पर्समधली वही काढली, बाबांचं नाव, गट, लागणीची तारीख लिहिली, खाली सही केली आणि पान फाडून त्यांच्या हातात दिलं.

“आता कशाला कागद, बाई? कॉम्प्युटरात आलंय न्हवं?”

“आलंय. तरी हा ठेवा,” मी म्हणाले. “ऊस तुटेपर्यंत फाडू नका. मी स्वतः येऊन फाडा म्हणाले तरी फाडू नका.”